ही किंवा हिच्यासारखी

मुलीसाठी स्थळं पाहणाऱ्या बापाला पूर्वी ज्या ज्या अवस्थांतून जावं लागे, त्या सगळ्या अवस्थांतून परदेशात भाड्याने मोटार घेऊ पाहणाऱ्या माणसाला आज जावं लागतं. आधी फोटो. फोटोत मोटार नेहमी तिरपी उभी असते, नुकतीच न्हायलेली असते आणि तिच्या आसपास एकही माणूस नसतो. मग माहिती : दारं किती, जागा किती, बॅगा किती मावतात. मग अपेक्षा : चालकाचं वय अमुक असावं, परवाना इतका जुना असावा, बँकेत पत असावी. आणि सगळं जुळत आलं, मन बसलं, की फोटोखाली बारीक अक्षरांत एक ओळ दिसते : 'ही किंवा हिच्यासारखी.'

या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. लग्नाच्या बाजारात बाकी काहीही चालत असेल; पण 'फोटोतला मुलगा किंवा त्याच्यासारखा' असं लिहून देण्याचं धैर्य अजून कुठल्या वधूवरसूचक मंडळाला झालेलं मी ऐकलेलं नाही. मोटारी भाड्याने देणाऱ्या युरोपातल्या पेढ्या मात्र हे राजरोस लिहितात. तिथे तुम्ही मोटार ठरवत नाही, मोटारीचं गोत्र ठरवता. प्रत्यक्ष व्यक्ती कोण, ते त्या दिवशी दारात जी उभी असेल तिच्यावर.

आम्हाला हा योग आला तो २०२४ च्या मे महिन्यात. माझी पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिला मुलगी झाली आणि आईने जाहीर केलं, की पणतीचं तोंड पाहायला आपण जाणार. आईचं वय ७४. गुडघे तिच्याहून चारपाच वर्षांनी मोठे असावेत. एवढ्या लांब जायचं, व्हिसासाठी एवढे कागद जमवायचे, तर नुसतं बाळ पाहून परत काय यायचं, हा विचार पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला ते आज कुणी सांगत नाही. पण पंधरा दिवसांत बेत तयार झाला. स्टुटगार्टहून निघून ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक गाठायचं, ब्रेनरचा घाट ओलांडून इटलीत वेरोनापर्यंत उतरायचं, कोमोच्या सरोवराकडून स्वित्झर्लंडमधून वर चढायचं आणि पुन्हा जर्मनीत यायचं. दिवस दहा, माणसं सात : आई, दादा आणि वहिनी, आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं. आगगाडीचा विचार झाला. तिथल्या आगगाड्या उत्तम आहेत हे खरं. पण दर दोन दिवसांनी सात माणसांच्या बॅगा आणि आईचे गुडघे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर न्यायचे, या कल्पनेनेच तो विचार मागे पडला.

सात हा आकडा आमच्या घराला नवा नाही. आम्ही वाईला राहत होतो तेव्हा वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. पुढे सलग बाक, गिअरचा दांडा सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला. तिच्यात आम्ही सात जण बसत असू, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर आठ. या पद्मिनीचं आजोळ इटलीत, तुरिन शहरी. फियाट ११०० या गाडीची ती कुर्ल्याला वाढलेली मुलगी. वडिलांनी ती पारखून वगैरे घेतली नव्हती. त्या काळी पांढरपेशा माणसापुढे मोटारी जेमतेम दोन-तीन, आणि त्यांनाही नंबर लावावा लागे. निवडायला काही नव्हतं म्हणून त्यावरून घरात वादही झाला नाही. आता माझ्यापुढे एका विमानतळावर एका तारखेला मिळू शकणाऱ्या चाळीसएक मोटारी होत्या, आणि त्या प्रत्येकीविषयी घरातल्या प्रत्येकाला मत होतं.

या मोटारींची निवड सोपी व्हावी म्हणून त्या धंद्यातल्या लोकांनी एक चार अक्षरांची संज्ञा करून ठेवली आहे. पहिलं अक्षर आकार सांगतं, दुसरं घडण, तिसरं गिअर, चौथं इंधन आणि थंड हवा. सी-डी-एम-आर म्हणजे बेताच्या आकाराची, चार-पाच दारांची, हाताने गिअर टाकायची, थंड हवेची मोटार. तिसऱ्या जागी 'एम' जाऊन 'ए' आला की गिअर आपोआप पडतात. वीस वर्षं फळ्यावर 'यमाताराजभानसलगं' लिहिणाऱ्या माणसाला हे उमगायला कितीसा वेळ लागणार? उलट आपल्या विद्येचा व्यवहारात काही उपयोग आहे असं मला त्या दिवशी प्रथमच वाटलं. फोटो झाकून नुसत्या अक्षरांवरून मी मोटार सांगू लागलो. चिरंजीव परीक्षा घ्यायला बसले.

"एफ-व्ही-ए-आर?"

"मोठी, व्हॅन, आपोआप, गार."

"बाबा, कॉलेजात हे का नाही शिकवत?" चिरंजीव म्हणाले. वृत्तांच्या तासाला माझ्या वर्गात किती मुलं असतात हे त्याला बहुधा त्याच्या आईने सांगितलं असावं.

सामानाची जागा तिकडे लिटरमध्ये सांगतात. फियाट ५०० नावाच्या चिमुकल्या गाडीत १८५ लिटर, फोक्सवागेन गोल्फमध्ये ३८१, स्कोडा ऑक्टाव्हियाचा लांब पाठीचा प्रकार घेतला तर ६४०. मी हे मोठ्याने वाचत होतो. आई म्हणाली, "बॅगा काय ओतायच्या आहेत?"

सात माणसांना सात जागांची मोटार हे उत्तर कुणालाही सुचेल. आम्हालाही सुचलं. पण या मोटारींची गोम अशी, की मागची तिसरी रांग उभी केली की सामानाची जागा जवळजवळ संपते. म्हणजे त्यात सात माणसं बसतात, किंवा पाच माणसं आणि त्यांचं सामान. सात माणसं सामानासकट, हा विचार ती मोटार आखणाऱ्याने केलेला नसतो. त्याचे नातलग अंगावरच्या कपड्यानिशी प्रवासाला निघत असतील. आमच्यात तर प्रेशर कुकर येणार होता.

तेव्हा मार्ग दोनच उरले. नऊ जागांची एक व्हॅन, नाहीतर दोन लहान मोटारी. साध्या मोटारीच्या परवान्यावर युरोपात चालक धरून नऊ माणसांचं वाहन चालवता येतं; दहावी जागा आली की ती बस.

दादा इंजिनिअर आहे. नाशिकला कारखान्यात त्याची तीस वर्षं गेली. त्याने एक तक्ता करून घरच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला, आणि तो तक्ता खरोखर चांगला होता. व्हॅनची उंची दोन मीटरच्या आसपास जाते आणि तिकडच्या कित्येक बहुमजली वाहनतळांचं छतही तेवढ्यावरच असतं, हे त्याने शोधून काढलं होतं. इटलीतल्या जुन्या गावांच्या गल्ल्या किती अरुंद, पाच मीटरांहून लांब गाडी वळवायला किती जागा लागते, तेही होतं. दुसऱ्या बाजूलाही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं : स्वित्झर्लंडच्या हमरस्त्यावर गाडी घालायची तर एक दिवस जा की वर्षभर जा, दर गाडीमागे ४० फ्रँकचा परवाना काढावा लागतो, तो दोनदा. ऑस्ट्रियाचा परवाना दोनदा. इंधन, वाहनतळ, विमा, सगळं दोनदा. तरीही तक्त्याच्या तळाशी त्याने निकाल दिला होता : दोन गाड्या सोयीच्या.

त्याच संध्याकाळी वहिनींचा हिला फोन आला. दोन गाड्याच बऱ्या पडतील, आपापल्या वेळेवर निघता येतं, सोय होते. हिने मला सांगितलं, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, सोयीचं पडेल." मीही म्हणालो, सोयीचं आहे. 'सोय' हा मराठीतला अतिशय सोयीचा शब्द आहे. त्याच्या आड माणूस उभा राहिला तर बाहेरून दिसत नाही.

आड काय होतं ते सांगायला हवं. वडील २०१६ साली गेले. २०१९ साली आम्ही वाईचं घर विकलं. दादाला मुलीच्या जर्मनीतल्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. तिकडे शिकायला जाणाऱ्याला वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते. मला घर ठेवायचं होतं, पण घर ठेवायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत 'लिहून देणार' या सदराखाली पहिलं नाव आईचं, दुसरं दादाचं, तिसरं माझं. आम्ही सह्या केल्या, अंगठे उठवले आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. भांडण झालं नाही. झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं. त्यानंतर दिवाळीत नाशिकहून फराळाचा डबा येतो, ठाण्याहून जातो. डबा रिकामा परत करायचा नाही हा आईचा नियम, म्हणून येताना-जाताना त्यात वाटीभर साखर असते. दोन्ही घरांतलं बोलणं साधारण तेवढंच.

आणि आई सहा महिने दादाकडे, सहा महिने आमच्याकडे. हे कुणी ठरवलं असं नाही. पडत गेलं.

एका रविवारी दुपारी दादा पडद्यावर आला. आई तेव्हा आमच्याकडे होती. ती खाली बसून मेथी निवडत होती. दादाने दहा दिवसांचं वेळापत्रकच केलं होतं, कुठल्या गाडीत कोण आणि कुठली बॅग. तो वाचून दाखवू लागला : "आई सकाळच्या टप्प्यात आमच्या गाडीत. जेवण झालं की तुमच्या गाडीत. म्हणजे दोन्हीकडे सारखं होईल."

आईने मान वर केली नाही. मेथीची काडी मोडत ती म्हणाली, "म्हणजे तिथेही सहा-सहा महिनेच का रे?"

पडद्यावर दादा काही वेळ हललाच नाही. चिरंजीवांना वाटलं, चित्र अडकलं. तो फोन हलवायला पुढे झाला. मग दादाचा आवाज आला, "ते चार अक्षरांचं काय म्हणाला होतास? पुन्हा सांग."

"एफ-व्ही-ए-आर," मी म्हणालो.

व्हॅन ठरली तरी काम संपलं नव्हतं. गिअरवरून थोडी बोलाचाली झाली. तिकडे अजूनही भाड्याच्या मोटारी बहुतेक हाताने गिअर टाकायच्या असतात आणि आपोआप गिअरच्या गाडीला भाडं जास्त पडतं. दादाचं म्हणणं, आयुष्यभर हाताने गिअर टाकले, आता दहा दिवसांसाठी जादा पैसे कशाला? त्यावर ही म्हणाली, "भाऊजी, तिकडे सुकाणू डावीकडे, रस्ता उजवीकडे. एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी." मला हे फार पटलं. ज्याला उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नाही त्याने पैसे वाचवायचे तर ते हॉटेलात वाचवावेत, जेवणात वाचवावेत. गिअरमध्ये वाचवू नयेत. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत वळण्याच्या दिव्याची काडी उजव्या हाताला असते, तिकडे ती डाव्या हाताला. आपला माणूस तिथे वळायचं ठरवतो आणि कोरड्या ठणठणीत उन्हात काच पुसणारे हात फिरू लागतात. निदान डाव्या हाताने दाराच्या खिशात गिअर शोधण्याचं तरी वाचतं.

विम्याचंही असंच. भाड्यात विमा धरलेला असतो, पण गाडीला इजा झाली तर पहिले अमुक युरो तुमचे आणि पुढचे विम्याचे, अशी त्यात मेख असते. ती अमुक रक्कम लहान नसते, आणि गाडी ताब्यात देतानाच तुमच्या क्रेडिट कार्डावर काही पैसे अडकवून ठेवतात. जादा पैसे भरले की ही मेख निघते. तरी टायर, काच आणि गाडीचं पोट यांचं काय, ते बारीक अक्षरांत वेगळं पाहावं लागतं. दादा जादा विम्याच्या विरुद्ध होता. मी बाजूने होतो. इथे मात्र मी ऐकलं नाही. उसन्या वस्तूला ओरखडा उठेल या धास्तीत दहा दिवस काढायचे, तर आल्प्स पर्वत पाहायचा कधी?

मग तो अर्ज आला. त्यात दोन रकाने होते : 'मुख्य चालक' आणि 'अतिरिक्त चालक'. मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. दादा उधारीचं कार्ड ठेवत नाही, हे त्याचं तत्त्व आहे. म्हणजे मुख्य चालक मी, आणि रोजचे थोडे पैसे भरून दादा अतिरिक्त. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला कुणी 'अतिरिक्त' म्हटलेलं मी तरी वाचलेलं नाही. मी फोन केला, इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी हे सांगितलं. दादा क्षणभर थांबून म्हणाला, "वाईच्या कागदावर तू माझ्याखाली होतास. इथे मी तुझ्याखाली. फिटंफाट." आणि तो हसला. पाच वर्षांत वाईच्या कागदाचं नाव त्याने माझ्याशी पहिल्यांदा काढलं होतं, आणि तेही मोटारीच्या अर्जावरून. मग आम्ही आपापल्या गावी परिवहन कार्यालयात जाऊन हजार हजार रुपये भरून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढला.

व्हॅन घेतली हे ऐकून पुतणीने तिकडून आईला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट आईने पुढे विमानात शेजारच्या बाईंनाही सांगितली, म्हणून इथे सांगतो. मोटार ज्याने प्रथम बाजारात आणली तो कार्ल बेंझ मानहाइम गावी राहत असे. मोटार तयार होती, पण लोक घेईनात. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता ती तीन चाकांची गाडी घेऊन निघाली आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या फोर्झहाइम गावी आपल्या आईकडे पोचली. बरोबर दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा आणि एक तेरा. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ब्रेक झिजले, ते एका चांभाराकडून चामडं लावून घेतलं. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं एक द्रावण विकत घेऊन तिने टाकीत ओतलं. ते दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून आज मिरवतं. लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम तिने बेंझच्या धंद्यात घातली होती, तेव्हा गाडीवर तिचा हक्क नव्हता असं कोण म्हणेल?

"माहेरी जायचं तर विचारायचं काय त्यात?" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "दोन्ही मुलगे एकाच गाडीत होते ना?"

स्टुटगार्टच्या विमानतळावर फोटोतली काळी व्हॅन नव्हती. तिच्यासारखी होती, म्हणजे पांढरी, दुसऱ्याच कारखान्याची आणि माझ्या अंदाजाहून लांब. दादाने तिच्याभोवती फिरून चारी बाजूंचे, चाकांचे आणि काचांचे फोटो काढले. पंचनामाच तो. तिथल्या माणसाने त्याच्याकडे आदराने पाहिलं. व्हॅनची पायरी उंच, म्हणून वहिनींनी नाशिकहून घडीचं स्टूल आणलं होतं. आई त्यावर पाय ठेवून चढली आणि मधल्या रांगेत खिडकीशी बसली. मागे दोन जागा मोकळ्या राहिल्या, त्या लगेच चिवड्याच्या डब्यांनी भरल्या.

चिरंजीवांचा मात्र अपमान झाला. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटीमीटरहून बुटक्या मुलाला बसायला खास उंच बैठक लागते. चिरंजीव अकरा वर्षांचे, उंची १४३. इटलीतही मर्यादा दीडशेचीच. ऑस्ट्रियात मात्र ती १३५. तेव्हा ऑस्ट्रियाची हद्द ओलांडताच त्याने ती बैठक काढून बहिणीच्या पायाशी ठेवली आणि चोवीस तास तो मोठा माणूस म्हणून वावरला. त्याला स्टेल्व्हिओचा घाट पाहायचा होता. उंची २७५७ मीटर, एका बाजूला ४८ नागमोडी वळणं, १८२५ साली पुरा झालेला. आपला बोरघाटातला रस्ता खुला झाला १८३०ला, म्हणजे दोघं तसे समवयस्क. पण मेच्या मध्यावर तो घाट बर्फाखाली बंद असतो, आणि माझ्या मते त्या बर्फाने आमच्या व्हॅनवर आणि वहिनींच्या पोटावर उपकारच केले.

पहिल्याच तासात आईने एक शोध लावला. उजवीकडून गाडी चालवायची म्हणजे चौकातल्या वर्तुळाला वळसा घालायचा तो आपल्या उलट दिशेने. तिसऱ्या वर्तुळाला ती म्हणाली, "हे लोक उलटी प्रदक्षिणा घालतात." त्यानंतर प्रत्येक वर्तुळाशी ती हळूच हात जोडायची. काय म्हणायची ते मी विचारलं नाही.

इन्सब्रुक सोडलं की ब्रेनरकडे जाताना एक पूल लागतो, १९६३ साली बांधून झालेला, खालच्या दरीपासून १९० मीटर उंच. मी चालवत होतो. दादा शेजारी, फोनवर रस्ता पाहत. मोटारीच्या पुढच्या दोन जागांचं एक बरं असतं. तिथे बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहायचं नसतं. पुलाच्या मध्यावर दादा म्हणाला, "घर पाडलेलं नाही अजून. झोपाळाही तसाच आहे ओटीवर. मी मार्चमध्ये जाऊन आलो."

मी आरसा पाहिला, बाजूचा ट्रक जाऊ दिला.

"मी जानेवारीत गेलो होतो," मी म्हणालो. "आत नाही गेलो. समोरच्या बोळातून पाहिलं."

"मीही बोळातूनच."

मागे आईचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांना वाटत होतं ती झोपली आहे. ती म्हणाली, "मला नेलं असतंत तर?"

यावर काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही. पुढे टोलचं नाकं आलं आणि कार्डाचा रस्ता कुठला, सुट्या नाण्यांचा कुठला, यात सगळी गाडी बोलू लागली. पण ब्रेनर उतरून बोल्झानोपर्यंत दादा घराविषयीच बोलत राहिला. परसातला हौद, पडवीची कौलं, वडिलांनी पद्मिनीसाठी मोडून रुंद केलेलं फाटक. विक्रीच्या वेळी मला काय वाटलं, तेही त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याला ते सगळं पटलं नाही, आणि त्याचं म्हणणं मलाही आज पूर्ण पटलेलं नाही. वहिनी दोनदा मध्ये बोलल्या, एकदा त्यांच्या बाजूने, एकदा माझ्या.

इटलीत दोन गोष्टी जपाव्या लागतात. वेरोनासारख्या जुन्या शहरांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी दिसली नाही तरी कॅमेऱ्याला तुम्ही दिसता. दंड घरी येतो, शिवाय तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याची पेढी आपलं शुल्क निराळं लावते. आम्ही गाडी गावाबाहेर ठेवून बसने आत गेलो. दुसरी गोष्ट इंधनाची. आमची व्हॅन डिझेलची. इटलीत डिझेलला 'गासोलिओ' म्हणतात आणि पेट्रोलला 'बेन्झिना'. इंग्रजी सिनेमे पाहून 'गॅसोलीन' म्हणजे पेट्रोल असं पाठ केलेल्या माणसाची तिथे हमखास दिशाभूल होते. मी या शब्दांवर दादाला थोडं सांगू लागलो. तो म्हणाला, "शब्द राहू देत. २०१८ पासून इथे पेट्रोलला गोल खूण असते, डिझेलला चौकोनी." इंजिनिअर माणूस. मी गप्प बसलो.

शेवटच्या दिवशी मोटार परत द्यायची होती, टाकी भरून. वीसलोख वाटेवर येईल असं पुतणीने आखून दिलं होतं. ते औषधाचं दुकान अजून आहे. बाहेर बेर्टाबाईंचं स्मारक आहे. दादाने स्मारकाचे फोटो काढले, मी त्यावरचा मजकूर कन्येकडून फोनवर भाषांतर करून घेतला. आई स्टुलावरून उतरली, काठी टेकत सरळ दुकानात शिरली आणि गुडघ्याला लावायचं मलम विकत घेऊन आली. किंमत पाहून वहिनींनी मनातल्या मनात तिचे रुपये केले. आईला त्यांनी आकडा सांगितला नाही.